टायमिंगकाकांचं बुडालेलं रजिस्टर

आमच्या मोठ्या आजोबांना अख्खं गाव टायमिंगकाका म्हणतं. तोंडावर म्हणतं, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नाही. उलट कुणी नुसतं ‘काका’ म्हटलं तर ते मागे वळून बघतात, की आणखी कोण काका आलाय. मोठे आजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, वय एकोणऐंशी, राहायला आमच्याकडेच. सहा वाजून दहा मिनिटांनी चूळ, साडेसहाला चहा, सात वाजून पाच मिनिटांनी तळ्याकाठी फेरी. कोपऱ्यावरचा न्हावी त्यांना येताना बघून शटर वर करतो. एकदा त्यांना ताप आला, तर त्या दिवशी दुकान अकराला उघडलं, आणि वर तो न्हावीच आमच्या दारात तक्रार घेऊन आला, “काका आजारी पडणार असतील तर आदल्या दिवशी सांगत चला की!”

ही शिस्त त्यांना बत्तीने लावली असं सगळे सांगतात. बत्ती म्हणजे जेटीच्या टोकावरचं दीपगृह. आता तिथे ना बत्ती आहे ना जेटी. ‘जेटी’ नावाचा बसस्टॉप तेवढा उरलाय, आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना वाटतं की जेटी कुणा बाईचं नाव असणार. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी उतरलं की लाकडी खांबांचे काळे बुंधे दोन रांगांत वर येतात आणि एकेका बुंध्यावर एकेक पक्षी बसतो, रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखा. रांग जिथे संपते तिथे बत्ती उभी होती. मी ती कधी पाहिली नाही. मी फक्त मोठ्या आजोबांचं बोट पाहिलंय. ते बोट दाखवतात, आणि मी बोटाच्या टोकापुढच्या मोकळ्या हवेकडे बघून “हो हो” म्हणते.

आठ बाजूंची होती. पांढरी, वर लाल टोपी. मोठे आजोबा तिचं वर्णन करत नाहीत, ते ती मोजतात. “किनाऱ्यापासून टोकापर्यंत तीनशे बारा पावलं. वारा समोरून असला तर तीनशे चाळीस. आत एकेचाळीस पायऱ्या. अठ्ठाविसावी कुरकुरायची.” ती कशी कुरकुरायची हेही ते करून दाखवतात, ओठ मिटून, नाकातून. मला सगळ्या गावाची नक्कल येते, पण ती अठ्ठाविसावी पायरी काही त्यांच्यासारखी जमत नाही. वर रॉकेलचा दिवा, दिव्याभोवती माणसाच्या उंचीचं भिंग, आणि ते फिरवायला चावीचं यंत्र. साखळीला लोखंडी वजन टांगलेलं असायचं. ते हळूहळू खाली यायचं आणि भिंग फिरत राहायचं. वजन तळाला पोचायच्या आत पुन्हा चावी द्यायची. काठावरून बघणाऱ्याला दोनदा उजेड दिसायचा आणि मग लांबलचक अंधार. जेवताना विषय निघाला की मोठे आजोबा मूठ उघडून मिटून दाखवतात. “उजेड. उजेड.” आणि मग मूठ मिटून इतका वेळ थांबतात की आई म्हणते, “काका, अहो, घास तरी घ्या.”

नोकरी त्यांना बाविसाव्या वर्षी लागली, आणि कशी लागली हे ते फार खुशीत सांगतात. मुलाखत आठला होती. हे साडेसातला जाऊन दारात उभे. इतर उमेदवार आठ, सव्वाआठ, कोणी साडेआठला. मुलाखत घेणारे साहेब स्वतः नऊला आले आणि पायऱ्या चढता चढता म्हणाले, “सगळ्यात आधी कोण आलं?” बाकी काही विचारलंच नाही.

मग सोळा वर्षं तो दिवा. रोज सकाळी भिंग पुसायचं, जुन्या वर्तमानपत्राने आणि व्हिनेगरने. काचेवरची काजळी काढायची. वात कातरायची. “वात कातरणं म्हणजे नखं कापणं नव्हे,” मोठे आजोबा सांगतात, “तान्ह्या बाळाचे केस कापणं. जरा तिरकी गेली की उजेड लंगडतो.” जेटीच्या पायथ्याशी बत्तीच्या सरकारी ऑफिसने दिलेल्या दोन खोल्या होत्या. तिथे मोठी आजी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बत्ती समोर दिसायची, आणि बत्तीतून दुर्बिणीने खिडकी. खिडकीत लाल टॉवेल म्हणजे जेवण तयार. पांढरा म्हणजे पाहुणे आलेत. दोन्ही म्हणजे लवकर या, पाहुणे जातच नाहीत.

मोठी आजी मी आठ वर्षांची असताना गेली. आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर अजून तिच्या हातच्या चिठ्ठ्या आहेत, साखर, मीठ, चहा. टपोरं, सुटं सुटं अक्षर, शाळेच्या फळ्यावर शोभेल असं. चहाच्या डब्यात आता डाळ असते, पण आई चिठ्ठी काही काढत नाही.

बत्ती गेली त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. वाऱ्यात एक रेतीचा बार्ज सुटला आणि जेटीच्या टोकावर येऊन आदळला. कुणी दगावलं नाही, फक्त बत्ती गेली. ऑफिसने तिच्या जागी एक लुकलुकणारं पिंप तरंगत सोडलं आणि मोठ्या आजोबांना तिकीटघरात टेबल दिलं. पुढे तळ्याला वळसा घालून रस्ता झाला, तशी लाँचही बंद पडली आणि तिकीटघराला कुलूप लागलं.

त्या लाँचचे कप्तान अजून आहेत. वय एक्क्याऐंशी. इतकी वर्षं इंजिनाच्या डोक्यावर उभं राहून बोलल्यामुळे ते शेजारी बसलेल्या माणसाशीही पलीकडच्या काठावरच्याशी बोलावं तसं बोलतात, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबतात, मधे इंजिनाला धडधडू द्यायचं म्हणून. न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर ते आणि मोठे आजोबा रोज भांडतात.

“तुझी ती बत्ती!” कप्तान. थांबले. “काडेपेटीएवढी!” थांबले. “मला कधी दिसलीच नाही! वहिनींचा लाल टॉवेल बघून मी लाँच लावायचो!”

“म्हणूनच दोनदा चिखलात रुतवलीस.”

“एकदा!”

“दोनदा. दुसऱ्यांदा दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी. माणसं पँटी दुमडून, चपला हातात घेऊन चालत काठाला आली.”

“त्यांना चालायची हौस होती!”

आत खुर्चीत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक हसतं, न्हावी वस्तरा वर धरून थांबतो. हे असं रोज.

या वर्षी ते कुलूपबंद तिकीटघर उघडलं. तळ्यावरच्या जुन्या बोटींचं छोटंसं संग्रहालय करायचं ठरलं, आणि त्यासाठी एक मॅडम नेमल्या. मॅडम हुशार, पण इतकं हळू बोलतात की ऐकणारा आपोआप पुढे वाकतो. आणि कुठलंही विधान त्या एकटं सोडत नाहीत, मागे “असं म्हणता येईल का?” लावतात. त्या चारला येणार होत्या, चार दहाला आल्या. मोठ्या आजोबांनी नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मॅडमनी घड्याळाचीच माफी मागितली.

“काका, लाँचचा भोंगा मिळालाय,” त्या चहा घेत म्हणाल्या, “सुकाणू मिळालंय, तिकिटं छापायचं यंत्र मिळालंय. दीपगृहाचं मात्र काहीच नाही. एक फोटो आहे.” त्यांनी फोटो पुढे केला. कुठलंसं कुटुंब काठावर सहलीला आलंय, मधोमध एक हॅट घातलेले गृहस्थ, आणि त्यांच्या हॅटमागून बत्तीची लाल टोपी डोकावतेय. टोपीवर टोपी. खालचं सगळं गृहस्थांच्या मागे.

“हा माणूस कोण?” मोठ्या आजोबांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“जरा सरकला असता तर काय बिघडलं असतं याचं!”

“तुमच्याकडे काही असेल का? रजिस्टर वगैरे? ऑफिसच्या कागदात लिहिलंय, ‘दीपगृह व रजिस्टर पाण्यात गेले.’ म्हणजे ते बुडालं, असं म्हणता येईल का?”

“कागदात लिहिलंय ना?”

“हो.”

“मग झालं.”

मॅडमनी वही काढली. “मग फलकावर एक ओळ तेवढी टाकते. पुराव्याशिवाय जास्त लिहिता येत नाही हो काका. बाहेरचं कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं. ‘जेटीच्या टोकाला एक लहानसा दिवाही होता.’ असं म्हणता येईल का?”

“येईल,” मोठे आजोबा म्हणाले. गर्दीत आपल्या पायावर कुणी पाय देऊन उभं असावं आणि आपण भिडेखातर गप्प राहावं, तसा त्यांचा आवाज होता.

मॅडम गेल्यावर ते रिकाम्या कपाकडे बघून म्हणाले, “लहानसा.” संध्याकाळी बाहेरून आले आणि चपला काढताना म्हणाले, “दिवाही.” दुसऱ्या दिवशी जेवताना कुणी काही विचारलं नव्हतं तरी म्हणाले, “एकेचाळीस पायऱ्या होत्या. लहानशाला एकेचाळीस पायऱ्या असतात का?” तिसऱ्या दिवशी ते सकाळच्या चहाला सहा पन्नासला आले. आईने बशी खाली ठेवली आणि आधी थर्मामीटर आणला.

त्याच दुपारी मी शाळेतून आले, तर त्यांनी मला खोलीत बोलावलं. “दार लोटून घे. वाचायचंय काहीतरी. माझ्या डोळ्यांना आता फिकी शाई दिसत नाही.”

पलंगाखाली ट्रंक, ट्रंकेत स्वेटर, स्वेटरांखाली मेणकापडात गुंडाळलेली एक जाडजूड वही, हिरव्या कापडी पाठीची. मी मधलंच एक पान उघडलं आणि डबेच आठवले. साखर, मीठ, चहा.

“हे तर मोठ्या आजीचं अक्षर.”

“वाच.”

“सोमवार. दिवा लावला सहा पस्तीस. विझवला सहा दोन. वारा...” इथे वेगळं अक्षर होतं, शाईत पडलेल्या मुंग्या कागदावरून चालत गेल्यासारखं. “वारा ईशान्य, मध्यम. पाणी चार फूट. सर्व ठीक. मंगळवार. दिवा लावला सहा पस्तीस...” मी थांबले. “आजोबा, हे ते रजिस्टर आहे? बुडालेलं?”

“बुडालं नाही. घरी होतं.”

आणि मग त्यांनी सांगितलं. घड्याळाकडे न बघता, तारखा-मिनिटं मधे न घालता सांगितलं. त्यांना असं बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

नियम असा होता की रजिस्टर बत्तीतच राहायचं, दिव्याजवळच्या टेबलावर, आणि रखवालदाराने स्वतःच्या हाताने, त्या त्या वेळी लिहायचं. पहिल्या वर्षी इन्स्पेक्टर आला, त्याने पान उलटलं आणि म्हणाला, “हे रजिस्टर आहे की पोतेरं?” हातांना रॉकेल, बोटांना काजळी, त्यात ते मुंग्यांचं अक्षर. मोठे आजोबा घरी येऊन न जेवता बसले. मोठी आजी म्हणाली, “आणा इकडे.”

तेव्हापासून दर रविवारी दुपारी रजिस्टर सदऱ्याखाली दडून किनाऱ्यावर यायचं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोठी आजी पुढच्या सोमवार ते रविवारच्या सात ओळी लिहून ठेवायची. दिवा लावायच्या-विझवायच्या वेळा ऑफिसच्या छापील तक्त्यात आधीच दिलेल्या असायच्या, त्या ती उतरवून काढायची. वारा आणि पाणी यांच्या जागा मोकळ्या सोडायची. शेवटी ‘सर्व ठीक.’ मोकळ्या जागा मोठे आजोबा वर जाऊन त्या त्या दिवशी भरायचे. पुढच्या खेपेला इन्स्पेक्टर म्हणाला, “व्वा, अक्षर सुधारलंत!” आणि बढतीची शिफारस केली.

“म्हणजे तुम्ही वेळा आधीच लिहून ठेवायचात?” मी विचारलं. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते घशातच राहिलं.

“ती लिहायची. आणि मी पाळायचो. तुला सांगतो, मी मुळात वक्तशीर नव्हतो. मुलाखतीला लवकर गेलो, कारण घरचं घड्याळ पुढे होतं. पण तिने सहा पस्तीस लिहून ठेवलंय म्हटल्यावर चुकवणार कसं? सहा चौतीसला मी काडी हातात धरून उभा असायचो. सोळा वर्षांत तिने लिहिलेलं एकदाही खोटं पडू दिलं नाही.”

“मग त्यात चूक काय?”

“शेवटचं पान काढ.”

त्या रविवारी दुपारी ती अशीच लिहीत बसली होती. मोठे आजोबा समोर बसून दिव्याचं पितळी तोंड घासत होते. बाहेर वारा फार होता. ती गुरुवारच्या ओळीवर आली तेव्हा आवाज झाला, भरलेलं कपाट जिन्यावरून सोडून द्यावं तसा. ते तसेच पितळ हातात घेऊन दारात आले. बत्ती वाकली होती. “कुणी हाक मारल्यावर मान वळवतो ना आपण,” ते म्हणाले, “तेवढीच. मला वाटलं, थांबेल आता.” मग ती पूर्ण वळली आणि पाण्यात गेली. लाल टोपी जरा वेळ वर दिसत राहिली.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आला. त्याने काठावर उभं राहून विचारलं, “रजिस्टर?” मागे स्वयंपाकघरात, टेबलाच्या खणात रजिस्टर होतं. मोठे आजोबा पाण्याकडे बघून म्हणाले, “तिथेच असतं, साहेब.” इन्स्पेक्टरने लिहिलं, पाण्यात गेले.

“म्हणजे नियम पाळला असता तर ते खरंच गेलं असतं,” मी म्हणाले.

“गेलं असतं. मोडला म्हणून राहिलं. आणि राहिलं म्हणून दाखवता येत नाही.” त्यांनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. “दिलं तर गाव म्हणणार, टायमिंग खोटारडा, दिवा लावायच्या आधी लावला म्हणून लिहायचा, आणि वर सरकारला फसवून रजिस्टर दडवलं. नाही दिलं, तर सोळा वर्षं ज्याच्यासाठी घासली तो नुसता ‘लहानसा दिवाही’. बोल.”

मी लगेच बोलले. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. “शेवटचं पान कापून टाकू. बत्ती पडल्यानंतरचे दिवस तेवढे त्यावरच आहेत. बाकीच्या पानांवर काय कळतंय? तुमचं आणि आजीचं अक्षर मिळून आहे. मदतनीस होती म्हणायचं. ट्रंकेत सापडलं म्हणायचं.”

त्यांनी लगेच नाही म्हटलं नाही. दाढीचं ब्लेड आणलं. पान सरळ केलं, पट्टी ठेवली. मग पान उलटवून पाठपोट बघितलं आणि मला म्हणाले, “या बाजूचं वाच. सगळ्यात खालच्या दोन ओळी.”

मी वाचलं. “शनिवार. दिवा लावला सहा चाळीस. विझवला पाच अठ्ठावन्न. वारा पश्चिम, जोराचा. पाणी पाच फूट दोन इंच. सर्व ठीक. रविवार. दिवा लावला सहा एकेचाळीस...” रविवारच्या ओळीत मुंग्या नव्हत्या. मोकळ्या जागा मोकळ्याच होत्या.

“शनिवारी लावला तो शेवटचा,” ते म्हणाले. “ते पान कापलं की तो गेला.” त्यांनी ब्लेड कागदात गुंडाळून ठेवलं आणि मला अभ्यासाला पाठवलं.

संग्रहालय रविवारी उघडणार होतं. आदल्या दिवशी, शनिवारी, मॅडमनी सगळ्या जुन्या माणसांना दहाला बोलावलं होतं, कुठे काय मांडलंय ते बघायला. मोठ्या आजोबांनी मला बरोबर घेतलं. आम्ही पावणेदहाला पोचलो आणि दहा वाजेपर्यंत दारात उभे राहिलो, कारण दहा सांगितलं होतं. आत कप्तान साडेनऊपासूनच लाँचच्या भोंग्याला फडकं मारत होते.

“या टायमिंग!” कप्तान ओरडले. थांबले. “तुझी जागा बघ! दाराआड! छत्र्या ठेवतात तिथे!”

दाराआड खरंच एक रिकामी काचपेटी होती, वर हॅटवाल्या गृहस्थांचा फोटो आणि ती एक ओळ. मोठ्या आजोबांनी ओळ वाचली. मग मेणकापडाचं गाठोडं काचपेटीवर ठेवलं आणि हात मागे बांधून उभे राहिले, इन्स्पेक्टरसमोर राहत असतील तसे.

“मॅडम, हे बत्तीचं रजिस्टर. बुडालं नव्हतं. मी खोटं सांगितलं होतं.”

“काय?” कप्तान म्हणाले. पहिल्यांदाच इंजिनासाठी न थांबता.

मोठ्या आजोबांनी सगळं सांगितलं. सदऱ्याखालचं रजिस्टर, रविवारची दुपार, टेबलाचा खण. तीन मिनिटंही लागली नसतील. मॅडम हळूहळू खाली वाकत पानं उलटत होत्या. कप्तानांचा चेहरा आधी लाल झाला, मग फुटला.

“अरे टायमिंग! तू आधीच लिहायचास? आणि आम्ही गाढवं तुझ्यावर घड्याळं लावायचो!” हसून हसून त्यांना ठसका लागला. मोठे आजोबा तसेच उभे. कान मात्र तांबडे झाले होते. मला कप्तानांच्या पाठीत ठसक्यासाठी म्हणून दोन जोरात घालाव्याशा वाटल्या.

डोळे पुसत कप्तानांनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं. “बघू तर काय काय थापा मारल्यात. हा कडेचा रकाना कसला? बोटी? ‘लाँच अकरा मिनिटे उशिरा.’ ‘लाँच नऊ मिनिटे उशिरा.’ ‘लाँच चौदा मिनिटे उशिरा.’ अरे! रोज?”

“रोज,” मोठे आजोबा म्हणाले.

कप्तानांनी धडाधड पानं उलटली. शेवटच्या पानावर बोट आपटलं. “आणि हे काय! सोमवार. ‘लाँच,’ मग मोकळी जागा, मग ‘मिनिटे उशिरा.’ मी यायच्या आधीच! वहिनींनी मी उशिरा येणार हे आधीच लिहून ठेवलंय!”

“तिला खात्री होती.”

मॅडम हसल्या, मोठ्याने हसल्या, आणि मला कळलं की त्यांना मोठा आवाजही आहे. कप्तान मात्र हसले नाहीत. त्यांचं बोट सोमवारवर तसंच राहिलं होतं.

“सोमवारी मी आलोच नाही,” ते म्हणाले. साध्या आवाजात. न ओरडता. “रविवारी संध्याकाळी पलीकडून निघालो, मला काय माहीत इथे काय झालंय. निम्म्यात आलो. समोर काही नाही. उजेड, उजेड, काहीच नाही. मला वाटलं माझेच डोळे गेले. इंजिन बंद करून बसलो. लाँचवर तीस माणसं. कोणी विचारतंय काय झालं, कोणी विचारतंय किती वेळ. काय सांगू? माझं गाव मला सापडत नव्हतं. शेवटी मागे वळवली.” त्यांनी पानावरचं बोट उचललं. “बायकोलाही नाही सांगितलं हे. इंजिन बिघडलं म्हणालो.”

मग मोठे आजोबा म्हणाले, “एकदाच रुतवली होतीस. मी उगाच दोनदा म्हणतो.”

“दोनदा,” कप्तान म्हणाले.

मॅडमनी घसा साफ केला. “काका, पेटीत रजिस्टर उघडंच ठेवावं लागेल, म्हणजे एकच पान दिसणार. आपण मधलं एखादं ठेवूया. सुंदर आहे. शेवटचं कुणी बघायलाही यायचं नाही. तसं केलं तर...” या खेपेला त्यांनी पुढचं विचारलं नाही.

“शेवटचं ठेवा,” मोठे आजोबा म्हणाले. “पण आधी दुरुस्त करायला हवं. पेन द्या.”

“अहो काका, जुन्या वस्तूवर आता लिहायचं नसतं. संग्रहालयात तसं करत नाहीत.”

“संग्रहालयाचं कुठे झालंय अजून? तुमच्या पावतीवर सही करेपर्यंत ते बत्तीचं आहे. आणि बत्तीवर मी आहे.” त्यांनी चष्मा नाकावर दाबून बसवला. “चूक झाली तर एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते, सही, वेळ. नियम आहे.”

मॅडमनी पेन दिलं. मी पानावर बोट ठेवून ओळ दाखवत होते आणि ते लिहीत होते. रविवारच्या ओळीवर एक रेघ, पट्टी न घेता, पण सरळ. खालची आजीची अक्षरं सगळी दिसत होती. वर मुंग्या चालत गेल्या : दिवा लावला नाही. कारण दीपगृह नाही. सही. त्यांनी मनगटाकडे बघितलं. दहा बावीस. मग पान उलटलं. सोमवार, रेघ, दिवा लावला नाही. सही, दहा तेवीस. मंगळवार, दहा चोवीस. बुधवारी बोटं झटकली आणि पुन्हा लिहिलं. कप्तान बाजूला उभं राहून प्रत्येक सहीबरोबर मान हलवत होते, साक्षीदारासारखे.

मी बोट खाली सरकवलं. गुरुवारच्या ओळीत आजीने लिहिलं होतं : दिवा लावला सहा त्रेचाळीस. पुढे वारा, पाणी, सगळं मोकळं. मग ‘सर्व’. त्यापुढे शाईचा एक फराटा पानाच्या कडेपर्यंत गेला होता.

“आजोबा, गुरुवार राहिला.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“तो राहू दे. तिचं अजून लिहून व्हायचंय.”